प्लायवर विनियर लावल्यावर दार का वाकतं?

(कार्यानुभव व विज्ञान : इयत्ता ८ वी ते १० वी)

आपल्या वालचंदनगर-इंदापूर भागात मे महिन्यात हवा अगदी कोरडी, जुलैत दमट. उन्हाळ्यात केलेल्या कपाटाचं दार पावसाळ्यात नीट बसत नाही, ही तक्रार शाळेत नि घरीही ऐकू येते. पैसे पालकांच्या वर्गणीतले असले की जास्तच बोचतं. बिजागरी बदलून काही होत नाही, कारण बाक फळीतच असतो.

लाकूड ओलाव्याने रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, आडवं मात्र फुगतं आणि सुकताना आखडतं. म्हणून प्लायमध्ये थर विषम (३, ५, ७) आणि एकाआड एक उभे-आडवे असतात. मधल्या थराच्या दोन्ही अंगांना ओढ सारखी. एकाच बाजूला विनियर चिकटवलं की हा तोल गेला. डिंकातल्या पाण्याने विनियर फुगतं, फुगलेलंच चिकटतं आणि वाळताना फळीला आपल्याकडे ओढतं.

वर्गात हे दाखवायला जुन्या लग्नपत्रिका पुरतात. वर्तमानपत्र फाडून बघा. एका दिशेने सरळ फाटतं, दुसरीकडे वेडंवाकडं. सरळ फाटतं ती तंतूंची दिशा. एका पत्रिकेला एकाच बाजूने खळीने कागद लावा, दुसरीला दोन्ही बाजूंनी, तंतू एकाच दिशेला ठेवून. सावलीत वाळू द्या. ओली असताना आणि वाळल्यावर, दोन्ही वेळा मुलांकडून कडेची रेघ काढून घ्या. पुस्तक बांधणारे पुठ्ठ्याला आतूनही कागद का लावतात, हे मग सांगावं लागत नाही.

सुतारकामात नियम तोच. मागे तेवढ्याच जाडीचं, स्वस्त का होईना, विनियर लावायचं. डिंक तोच, शक्यतो एकाच वेळी. विनियरच्या रेषा प्लायच्या वरच्या थराला आडव्या. डिंक पातळ आणि सारखा, वजन सगळीकडे. वाळेपर्यंत फळी भिंतीला टेकवून किंवा उन्हात ठेवायची नाही. सपाट ठेवून खाली-वर पट्ट्या द्यायच्या. पॉलिशचे हातही दोन्हीकडे सारखे. आतली बाजू कोरी ठेवली तर पावसाळ्यात तीच ओल पिते.

बाजारात 'विनियर' म्हणून मिळतो तो तक्ता बहुधा ३-४ मि.मी.चा असतो, खरं लाकूड त्यात जेमतेम अर्धा मि.मी. मागे पुढच्याइतक्याच जाडीचा तक्ता हवा. सनमायकालाही हेच लागू, आतून लायनर लावतात तो त्यासाठीच. कपाटाचा अंदाज घेताना सुतारदादांना आधीच विचारा, "हा भाव मागची बाजू धरून आहे ना?"