नऊ आण्यांचं पुस्तक आणि आमची शाल

बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत एकेकाळी बापूजी हरी शिंदे नावाचे हेडक्लार्क होते. त्यांच्या मुलीनं, ताराबाईनं, 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येच्या खटल्यात शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रं सगळ्याच बायकांना नीतीचे धडे द्यायला लागली. हे पुस्तक म्हणजे त्या वर्तमानपत्रांना दिलेलं सणसणीत उत्तर होतं. पुण्यात पाचशे प्रती छापल्या, किंमत नऊ आणे. मग पुस्तक विसरलं गेलं. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा मधे 93 वर्षं गेली होती.

ताराबाईंच्याच जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी मराठी शिकवलं आणि बरीच वर्षं 8 मार्चच्या पुरस्कारांच्या निवड समितीवर बसले. परदेशातली काही विद्यापीठं कृष्णवर्णीय स्त्रियांचा आणि स्त्री-पुरुष या दोन खणांत न मावणाऱ्या कार्यकर्त्यांचा मुद्दाम गौरव करतात, असं वाचलं आणि बैठकीत म्हटलं, आपणही करू. दलित, आदिवासी, भटक्या समाजातल्या बाया, तृतीयपंथी. ज्यांच्यासाठी आपल्याकडे हार आणायची आठवण कुणाला होत नाही, त्यांचा सत्कार करू. करायला घेतलं तेव्हा कळलं की मान देणंही शिकावं लागतं. ठेचा खात शिकलेले हे सात धडे.

1. अर्ज मागवले की फायली येतात

पहिल्या वर्षी आम्ही सूचना लावली, अर्जाचा नमुना दिला. आल्या त्या कात्रणांच्या जाड फायली, प्रत्येकीत पुढाऱ्यासोबतचे फोटो. जिनं आपल्या गावातली दारू बंद करायला सगळ्या बाया मतदानाला काढल्या होत्या, तिचा अर्ज नव्हता. आडव्या बाटलीचं, म्हणजे दारूबंदीचं, मतदान जिंकायला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. आलेल्यांच्या निम्मी नव्हे. म्हणजे शेतावर गेलेली, माहेरी गेलेली, नवऱ्याला भिणारी, प्रत्येक बाई मोजली जाते. हे जमवणारीला अर्ज भरायला सवड कुठून असणार? दुसऱ्या वर्षापासून आम्ही आठवडी बाजारात, एसटीच्या थांब्यावर, अंगणवाडीच्या ओट्यावर एकच प्रश्न विचारत फिरलो: "रात्री-बेरात्री अडचण आली, तर तुम्ही कुणाचं दार वाजवता?" तीन जणींनी एकच नाव सांगितलं, की ते वहीत जायचं.

2. मानासाठी तिची रोजी बुडू नये

आमचा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन भागांत नांदतो. बुलढाणा, चिखली, मेहकर वर; मलकापूर, खामगाव, जळगाव जामोद खाली. समिती वर बसायची आणि सत्कारमूर्तींनी खालून चढून यावं असं गृहीत धरायची. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका बाईला मी मोठ्या कौतुकानं निवड झाल्याचं सांगायला गेले. ती म्हणाली, "मॅडम, हरभरा सोंगाले आला. तुमच्या नारळापायी माही रोजी जाते. अन् परतीची एसटी चुकली तं मी झोपू कुठी?"

मला काही बोलताच आलं नाही. त्यानंतर आम्ही दोन नियम केले: येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली रोजी पाकिटात आधी द्यायची, आणि एक वर्षाआड कार्यक्रम घाटाखाली घ्यायचा. 2023 पासून ग्रामपंचायतीही अहिल्यादेवी होळकरांच्या नावानं गावातल्या दोघींचा सत्कार करतात. शाल-श्रीफळाबरोबर रोख 500 रुपये देतात. रक्कम लहान आहे, पण सत्कार बाईच्या दारात होतो, ही गोष्ट मला मोठी वाटते.

3. 'वादग्रस्त' या शब्दापाशी थांबून विचार करा

एका वर्षी बौद्ध वस्तीतल्या एका बाईंचं नाव पुढं आलं. वस्तीच्या नळासाठी त्यांनी वर्षानुवर्षं ग्रामसभा गाजवली होती. समितीत कुणीतरी हळूच म्हणालं, "काम आहे हो, पण बाई जरा वादग्रस्त." मी गप्प बसले. पुरस्कार झाडं लावणाऱ्या एका सौजन्यमूर्तीला गेला. झाडांबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या गप्प बसण्याबद्दल आहे.

सगळ्यांना गोड वाटेल अशा कामानं वस्तीत नळ येत नसतो. ताराबाईंवरही टीकेची झोड उठली होती. जोतीराव फुल्यांनी 1885 साली 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. एका समंजस माणसाची जाहीर साथ म्हणजे तेव्हाचा पुरस्कारच. याच फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. तिकडच्या कृष्णवर्णीय बाईचं आणि इकडच्या वस्तीतल्या बाईचं नातं वऱ्हाडातल्या आमच्या समितीला नवं वाटत होतं. फुल्यांना ते दीडशे वर्षांपूर्वी दिसलं होतं.

आणि वऱ्हाडाला तरी ते नवं का वाटावं? 20 जुलै 1942 रोजी नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, तिच्या अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी, या मागण्या त्या बायांनी तेव्हा मांडल्या. आमच्या वर्गात किती जणींना हे नाव माहीत आहे, म्हणून मी एकदा विचारलं. एकही हात वर झाला नाही. शिकवणारी मीच होते.

4. आधी रकाना दुरुस्त करा, मग भाषण

आम्ही तृतीयपंथी कार्यकर्तीला बोलवायचं ठरवलं. आजारी माणसांना सरकारी दवाखान्यात नेणं, घरातून हाकललेल्या पोरांना आसरा देणं, असं तिचं काम. ती आली. दारात नोंदवही होती: नाव, गाव, स्त्री की पुरुष. पेन हातात धरून ती थांबली. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. आम्ही स्वागतगीत बसवलं होतं, पण वही बघितली नव्हती.

ही चूक कॉलेजापुरतीच नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. तरीही शेजारच्या जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांना महिला गटातून ग्रामपंचायतीला उभं राहण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागलं. 2021 साली त्या निवडूनही आल्या. मतदारांना अडचण नव्हती. अडचण अर्जाला होती. त्या कार्यक्रमापासून आमच्या वहीत फक्त नाव आणि गाव असतं. पुकारायचं कसं, हे ज्याला-त्याला आधी विचारून घेतो.

5. शिक्षण विचारताना पाटीकडे बघा

आमच्या नमुन्यात 'शैक्षणिक पात्रता' असा रकाना होता. एका दाईबाईंच्या नावापुढं तो कोरा राहिला म्हणून एक सदस्य अडून बसले. मी त्यांना आमच्याच विद्यापीठाचं नाव वाचायला सांगितलं: संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ. बाबा कुठल्या कॉलेजात गेले होते? शेजारी जळगावचं विद्यापीठ बहिणाबाई चौधरींच्या नावाचं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अमेरिकेत माया अँजेलो कधी कॉलेजची पदवी न घेता लेखिका झाल्या आणि पुढं कित्येक विद्यापीठांनी त्यांना मानद पदव्या दिल्या. निरक्षर माणसाचं नाव कमानीवर चालतं, तर मंचावर का चालू नये? सदस्य हसले, रकाना गेला.

6. माईक आधी तिच्या हातात

आमचे कार्यक्रम ठरलेले: दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचं भाषण, अध्यक्षीय समारोप. सत्कारमूर्तीला वेळ उरला तर दोन शब्द. एकदा पाहुणे स्त्रीच्या सहनशीलतेवर इतका वेळ बोलले, की बाई उठून म्हणाल्या, "मले दोनच शब्द सांगितले होते. बसा अन् ऐका." आणि खाली बसल्या. टाळ्या थांबेनात. पुढच्या वर्षी आम्ही क्रम उलटा केला. पाहुण्यांना शेवटी दहा मिनिटं. आधीचं ऐकलेलं असल्यामुळं त्यांची भाषणंही सुधारली.

7. शाल संपते, म्हणून काहीतरी उरेल असं द्या

फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. बक्षीस म्हणून खाऊ मिळाला, तेव्हा खाऊ नको, ग्रंथालय द्या, असं ती म्हणाली, अशी आठवण सांगतात. पुरस्कार कसा असावा, हे त्या पोरीला आमच्या समितीपेक्षा नीट कळलं होतं. आम्ही सत्कारमूर्तींना विचारायला लागलो, "तुमच्या कामाला काय लागतं?" उत्तरं साधी असायची: अर्ज लिहून देणारं कुणीतरी, मुलींना संध्याकाळी बसायला एक खोली, शिलाई मशीन. शालीचे पैसे तिकडं वळले आणि आमची मुलं आठवड्यातून एकदा अर्ज लिहून द्यायला जाऊ लागली.

मी मात्र आणखी एक गोष्ट सुरू केली. ताराबाईंना ज्या 93 वर्षांनी गिळलं, ती डोक्यातून जात नव्हती. प्रत्येकीचं बोलणं तिच्याच बोलीत एका रजिस्टरात उतरवून घेतलं आणि ते ग्रंथालयात ठेवलं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी पहिल्या वर्षाची एक मुलगी ते मागायला आली. उभ्या-उभ्या एक पान वाचलं आणि माझ्यापुढं धरलं.

"मॅडम, ही माही आजी. इथं चुकलं तुमचं. मोर्चा तिनं एक नाही, दोन काढले होते. दुसऱ्याच्या वक्ताले तं माही माय तिच्या कडेवर होती."

मी तिला माझं पेन दिलं. तिनं 'एक' खोडून 'दोन' लिहिलं, आणि समासात आईचं नावही घातलं.