नाताळात माथेरान, मुलांसह

प्रश्न : नाताळच्या सुटीत माथेरानला जायचे आहे. नेरळची मिनी ट्रेन मिळाली नाही, तर पाच वर्षांच्या मुलीला डोंगर चढवावा लागेल का?
– एक पालक, अंबरनाथ

उत्तर : मुळीच नाही. सकाळची कर्जत लोकल पकडा. नेरळला तिकिटांची रांग मोठी दिसली, तर हट्ट सोडून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यावर जा. गाड्या तिथेच थांबतात. थोडे चालले की अमन लॉज स्थानक. तिथून गावापर्यंत शटल. 1907 पासूनच्या या छोट्या रेल्वेची हौस त्यात भागते, आणि माझ्या मते लहानग्यांना तेवढेच पुरे! घोड्याचा दर आधी ठरवा, खाऊ माकडांपासून लपवा. लाल धूळ उडते. मुलीला दम्याचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारूनच निघा. स्वेटर घ्याच.