आमचा लघुपट, दुसऱ्याची कमाई

प्रश्न : आमचा लघुपट कुणीतरी यूट्यूबवर आपल्या नावाने चढवलाय, वर जाहिरातीही चालू आहेत. कंपनीवरच गुन्हा नोंदवावा का? – एक वाचक, वांद्रे (पूर्व)

उत्तर : निर्माते सुनील दर्शन यांनी तसं केलं. त्यांच्या ‘एक हसीना थी एक दीवाना था’ या चित्रपटाबद्दलच्या तक्रारीवरून, न्यायालयाच्या आदेशाने, जानेवारी २०२२मध्ये अंधेरीच्या एमआयडीसी पोलीस ठाण्यात यूट्यूबची मालक असलेल्या गुगलच्या अधिकाऱ्यांविरुद्ध गुन्हा नोंदला गेला. गाजावाजा भरपूर झाला. तुम्ही मात्र आधी यूट्यूबकडे लेखी तक्रार द्या. कॉपीराइट नियम २०१३नुसार ३६ तासांत व्हिडिओ थांबवावा लागतो. पुढच्या २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाहीत, तर तो पुन्हा दिसू शकतो. नेमकं हेच लोक विसरतात. प्रत्येक व्हिडिओची लिंक द्या. मोघम तक्रार चालत नाही, हे टी-सिरीज विरुद्ध मायस्पेस खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६मध्ये स्पष्ट केलं. कॉपीराइटची नोंदणी नसली तरी हक्क तुमचाच; मूळ फाइल्स, करार जपून ठेवा.

आता पैशाचं. प्रेक्षकाला फुकट, पण जाहिरातदार पैसे मोजतोच. बड्या संगीत कंपन्या यूट्यूबच्या ‘कंटेंट आयडी’ या ओळख-यंत्रणेने परक्याचा व्हिडिओ हटवण्याऐवजी त्याचं उत्पन्न स्वतःकडे वळवू शकतात. छोट्या निर्मात्याला ती सोय सहसा मिळत नाही. मला हा सरळ दुजाभाव वाटतो.