कबड्डी एकट्यानं येत नाही

अचलपूर

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

तू खोलीत मोबाइलवर सामने पाहतोस आणि एकट्यानंच पकडीचा सराव करतोस, असं ताई सांगत होती. मेहनत खरी आहे, बाबू, पण कबड्डी अशी येत नाही.

साखळीचंच घे. कोपऱ्यातला आणि त्याच्या शेजारचा हात धरून उभे असतात. कोपऱ्यातल्यानं घोटा धरला की शेजारच्यानं त्याच क्षणी चढाईपटूची परतीची वाट अडवायची. कधी निघायचं, हे जोडीदाराच्या हाताला बसलेल्या ओढीवरून कळतं. ती ओढ पडद्यावर दिसत नाही. पकड सुटली की तिथंच विचारायचं, "मी आधी निघालो की उशिरा?" आपलं पाऊल आपल्याला दिसत नाही, शेजारच्याला दिसतं.

शे, वुल्फ आणि व्हिटेकर या संशोधकांनी १९९९ साली डुलत्या फळीवर तोल सांभाळायला शिकणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीनं शिकणारे आळीपाळीनं फळीवर चढायचे, मधल्या वेळात दुसऱ्याचं पाहायचे, आपसात बोलायचे. नंतरच्या चाचणीत ते एकट्यानं शिकलेल्यांपेक्षा सरस ठरले. आपल्या आखाड्यांत तरी वेगळं काय चालत आलं? थोरल्यानं करून दाखवायचं, धाकट्यानं करायचं, बाकीच्यांनी कडेला बसून चूक सांगायची.

आणि तू तर अमरावतीत राहतोस! वैद्य बंधूंनी १९१४ साली उभं केलेलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तिथलंच. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकानं तिथं कबड्डी खेळून दाखवली. सात जणांचा मेळ बसल्याशिवाय हे होत नसतं.

संघ मात्र पारखून निवड. चुकलेल्याला जिथं हसतात, तिथं पोरं विचारणं सोडतात आणि अवघड पकडीला हातच घालत नाहीत. अशा ठिकाणी थांबू नकोस, मग तो संघ कितीही जिंकत असो.

लहान पोरं आली तर त्यांना घोट्याची पकड तू शिकव. "असं नाही, असं" म्हणून भागत नाही. गुडघा कुठं, नजर कुठं, हे सांगावं लागतं. सांगता सांगता तुझीच पकड पक्की होईल.

उद्या संध्याकाळी मोबाइल खोलीत ठेव आणि मैदानावर जा. साखळीत तुझ्या शेजारी कोण उभा राहतो, ते पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
मामा