फिरत्या दुकानाच्या गाडीला टायर कोणता घ्यावा?

व्यापारी बंधूंनो, दुकानासाठी जागा घेताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. माल घेताना नग मोजून, हात लावून, दोष पाहून घेतो. मात्र ज्या गाडीत आपले सारे दुकान भरलेले असते, तिचे टायर घेताना आपण एकच प्रश्न विचारतो : "स्वस्तात स्वस्त कितीला देणार?" आजचा धडा या एका प्रश्नाविषयी आहे.

आमच्या परिचयाचे एक बांगड्यांचे व्यापारी आहेत. उरुस, जत्रा आणि आठवडी बाजार हाच त्यांचा धंदा. पिकअप गाडीवर कपाटे, काउंटर आणि वर ताडपत्री, असे त्यांचे फिरते दुकान. एका मे महिन्यात ते माल भरून भर दुपारी निघाले. वाटेत मागचा डावा टायर फुटला आणि गाडी रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात कलंडली. काचेच्या मालाचा चुरा झाला, सोबतच्या मुलाचा हात मोडला आणि संपूर्ण हंगाम गेला. नंतर टायर पाहिला, तर नक्षी निम्म्याहून अधिक शिल्लक! ते म्हणाले, "टायर तर चांगला होता." नाही, तो फक्त दिसायला चांगला होता. तो नऊ वर्षांचा होता आणि माल पेलण्यासाठी बनलेलाही नव्हता. ही दोन्ही कारणे त्या टायरवर लिहिलेली होती. वाचली कोणी नव्हती.

आपली गाडी वेगळी का?

भाड्याचा टेम्पो सकाळी भरतो आणि संध्याकाळी रिकामा होतो, म्हणजे त्याच्या टायरला विश्रांती मिळते. फिरत्या दुकानाचे तसे नाही. कपाटे, काउंटर, पाण्याची टाकी, गॅसची शेगडी, जनरेटर आणि माल यांचे वजन रात्रंदिवस त्याच चार टायरवर असते. शिवाय अशी गाडी धावते कमी आणि उभी राहते जास्त. पावसाळ्यात तर कित्येक गाड्या महिनोन् महिने एकाच जागी असतात.

युरोपात कुटुंबासह राहण्याची सोय असलेल्या व्हॅन पुष्कळ आहेत. त्यांचेही दुखणे हेच आहे : कायमचे ओझे आणि लांब मुक्काम. म्हणून तिकडे अशा गाड्यांसाठी 'सीपी' अशी खूण असलेले वेगळे टायर मिळतात. त्यांची बांधणी जास्त मजबूत असते आणि मागच्या चाकांत ८० पौंडांपर्यंत हवा भरता येते. आपल्याकडे हा प्रकार सहसा मिळत नाही. पण त्यामागचा विचार आपल्या उपयोगाचा आहे : गाडीचे खरे काम पाहून टायर निवडावा.

आधी वजन, मग टायर

माल भरलेली गाडी आहे तशी वजनकाट्यावर न्या. टाकीत पाणी, सिलिंडर, माणसे, सारे काही बाजाराला जाताना असते तसेच असू द्या. प्रथम फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन वजन करा, मग पूर्ण गाडीचे करा. समजा, पूर्ण वजन २,६०० किलो आणि पुढच्या चाकांचे १,१०० किलो आले. म्हणजे मागच्या दोन चाकांवर १,५०० किलो, प्रत्येकी सरासरी ७५० किलो आहे. परंतु काउंटर आणि जड पेट्या बहुधा एकाच बाजूला असतात. वळणावर आणि खड्ड्यात भार आणखी एकीकडे ढकलला जातो. म्हणून सरासरीवर किमान वीस टक्के अधिक धरा. ७५० वर १५० म्हणजे ९०० किलो. आपल्या मागच्या टायरची ताकद याहून कमी नसावी.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. मजबूत टायर घातला म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही. नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा जास्त माल भरू नये. ब्रेक, स्प्रिंग आणि अ‍ॅक्सल जुनेच असतात. काट्यावर वजन जास्त भरले, तर माल कमी करणे हाच उपाय आहे. तसेच गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा असेल, तर मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते.

टायरवरची अक्षरे

आता टायरच्या बाजूवर काय लिहिले आहे ते वाचायला शिकू. समजा, तेथे '१९५/८० आर १५ एलटी १०६/१०४ एस' असे आहे.

१९५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के. 'आर' म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. 'एलटी' म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा टायर. काही टायरवर त्याऐवजी 'सी' असते. १०६ हा भाराचा आकडा आहे आणि त्याचा अर्थ एका टायरवर ९५० किलो. दुसरा आकडा १०४ हा एका बाजूला जोडचाके असतील तेव्हाचा, प्रत्येकी ९०० किलो. शेवटचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते. 'एस' म्हणजे ताशी १८० किलोमीटर. आपल्याला एवढा वेग कधीच लागत नाही, म्हणून वेगाच्या अक्षरासाठी जादा पैसे मोजू नयेत. पैसे मोजावेत ते भाराच्या आकड्यासाठी.

भाराचे काही आकडे दुकानाच्या वहीत लिहून ठेवा : ९० म्हणजे ६०० किलो, ९६ म्हणजे ७१०, ९८ म्हणजे ७५०, १०० म्हणजे ८००, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५० आणि १०८ म्हणजे १,००० किलो.

खरी गोम येथे आहे. याच १९५/८० आर १५ मापाचा टायर प्रवासी गाडीसाठीही मिळतो. तो त्याच रिमवर बसतो आणि दिसतोही तसाच. पण त्याचा भाराचा आकडा ९६, म्हणजे ७१० किलो असतो. एका टायरमागे २४० किलोंचा फरक! वरच्या हिशेबातील गाडीला तो सरासरी भारासाठीही पुरत नाही. आमच्या परिचिताच्या गाडीला नेमका असाच टायर बसवलेला होता. "माप तेच आहे," एवढ्या शब्दांवर विश्वास ठेवू नका. मापाबरोबर भाराचा आकडा आणि एलटी किंवा सी ही खूण पाहिलीच पाहिजे.

याखेरीज भारतीय मानक ब्युरोचा आयएसआय शिक्का पाहावा. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या नव्या टायरना तो सक्तीचा आहे.

टायरचे वय

रबर न वापरताही म्हातारे होते. ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांनी ते कडक होते, त्याला बारीक चिरा पडतात आणि आतील थरांची पकड सुटू लागते. रोज धावणाऱ्या गाडीचा टायर आधी झिजतो. उभ्या राहणाऱ्या गाडीचा टायर आधी म्हातारा होतो.

टायरच्या बाजूवर चार आकड्यांची तारीख असते. '२३२४' असेल, तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला असा की, पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर तो कितीही चांगला दिसला तरी काढावा. पण विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा आणि कायमचे ओझे पाहता फिरत्या दुकानाने सहा वर्षांची मर्यादा धरणे शहाणपणाचे ठरेल. स्टेपनीलाही हाच नियम लावा. ती झिजत नाही, पण तिचे वय होतेच.

नवा टायर घेताना तारीख दुकानातच पाहा. वर्षाच्या आतला असेल तर उत्तम. दोन वर्षे गोदामात पडलेला असेल, तर दुसरा मागा.

स्वस्त कोणता, महाग कोणता?

आता हिशेब करू. आकडे उदाहरणादाखल आहेत. आपण आपल्या बाजारातील भाव घालून पाहावेत. मात्र दोन्ही टायर पुरेशा भाराचे आहेत असे धरले आहे.

पहिला टायर ५,००० रुपयांचा, ३०,००० किलोमीटर चालणारा. दर किलोमीटरला सुमारे १७ पैसे. दुसरा ६,५०० रुपयांचा, ५०,००० किलोमीटर चालणारा. दर किलोमीटरला १३ पैसे.

ज्याची गाडी वर्षाला २५,००० किलोमीटर धावते, त्याने दुसराच घ्यावा. लाखभर किलोमीटरमध्ये एका चाकामागे साडेतीन हजारांहून अधिक आणि चार चाकांमागे चौदा हजारांहून अधिक रुपये वाचतील.

पण ज्याची गाडी वर्षाला फक्त ६,००० किलोमीटर धावते, त्याचे काय? सहा वर्षांत त्याचे ३६,००० किलोमीटर होतात आणि दुसरा टायर नक्षी शिल्लक असतानाच काढावा लागतो. तेव्हा त्याचा दर १८ पैसे पडतो. पहिला टायर पाच वर्षांत झिजून संपतो आणि १७ पैशांतच राहतो. म्हणजे कमी धावणाऱ्याने लांब आयुष्याच्या जाहिरातीसाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही. त्याने भाराचा आकडा आणि ताजी तारीख पाहून मध्यम किमतीचा टायर घ्यावा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या नव्या टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. पक्के बिल मागून घ्या. बिलाशिवाय कंपनीकडे तक्रार करताना अडचण येते आणि नोंदणीकृत व्यापाऱ्याचा कराच्या वजावटीचा मार्गही बंद होतो. भाव ठरवताना बसवणे, बॅलन्सिंग आणि नवा व्हॉल्व्ह धरून एकच रक्कम ठरवा.

जुने आणि रिमोल्ड

जुना टायर घेण्याचा मोह अनेकांना होतो. गुळगुळीत झालेल्या टायरला तापल्या पात्याने पुन्हा खाचा पाडून, वर काळा रंग देऊन विकणारे बाजारात आहेत. खाचेच्या तळाशी झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात. ते नसतील किंवा तळाशी धागे दिसत असतील, तर टायर हाती धरू नका. मालाचा दोष लपवून विकणे ही कोणत्याही बाजाराला काळिमा लावणारी गोष्ट आहे. पण डोळे उघडे ठेवणे हे घेणाऱ्याचेही काम आहे.

चांगल्या कारखान्यात केलेला रिमोल्ड ट्रकच्या मागच्या चाकांना चालतो. आपल्या छोट्या गाडीच्या पुढच्या चाकांना तो कधीही लावू नये. टायर नेहमी जोडीने बदला. एकाच अ‍ॅक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन चालवू नका.

हवा

टायर फुटण्याचे मोठे कारण कमी हवा हेच आहे. हवा कमी असली की टायरची बाजू सारखी मुडपते, आतून तापते आणि थर सुटतात. भाराचा आकडादेखील पुरेशी हवा असेल तरच खरा. दाराच्या खांबावर किंवा गाडीच्या पुस्तकात भरलेल्या गाडीसाठी दिलेला आकडा पाळा. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. धावून तापलेल्या टायरमधील हवा आकडा जास्त दिसतो म्हणून सोडू नका. तो थंड झाल्यावर हवा कमी पडेल. हवा मोजण्याचा स्वतःचा गेज घ्या. एका टायरच्या किमतीपुढे त्याचा खर्च काहीच नाही. शुक्रवारी जुम्म्यासाठी गाडी उभी राहणारच असते. त्या सकाळी पाच मिनिटे चार चाकांना आणि स्टेपनीला द्या.

झीजही बोलते. मध्येच झीज असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना असेल तर हवा कमी आणि एकाच कडेला असेल तर अलाइनमेंट बिघडलेले. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानेही टायर संपला. पावसात घाट उतरणाऱ्याने त्याआधीच बदलावा. बाजूला फुगवटा किंवा चीर दिसली, तर पंक्चर काढून चालणार नाही. टायर काढूनच टाका.

गाडी उभी असताना

महिनाभर गाडी उभी राहणार असेल, तर माल उतरवून ठेवा आणि हवा पूर्ण भरा. पंधरा दिवसांनी गाडी हातभर पुढे-मागे घ्या, म्हणजे एकाच जागी भार राहणार नाही. चाकांवर गोणपाट टाकून ऊन अडवा. चमक यावी म्हणून डिझेल किंवा जळके ऑइल पुसण्याची जी सवय आहे, ती सोडा. त्याने रबर खराब होते. साबणाचे पाणी पुरे.

धडा तपासून पाहा

आज संध्याकाळी गाडीजवळ जा आणि पाच प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा. भरलेल्या गाडीच्या मागच्या चाकांवर किती वजन आहे? टायरवर भाराचा आकडा कोणता आहे? एलटी किंवा सी ही खूण आहे का? तयार झाल्याचे वर्ष कोणते? गाडी वर्षाला किती किलोमीटर धावते? ही पाच उत्तरे घेऊन टायरच्या दुकानात गेलात, तर विकणारा आपल्याला फिरवू शकणार नाही.

आमच्या त्या परिचितांनी आता गाडीच्या दारावर आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर पाचही टायरच्या तारखा लिहिल्या आहेत. मुलाचा हात बरा झाला. दर जुम्म्याला हवा तोच तपासतो.