गाडी उंच करण्याआधी

लिफ्ट किट बसवल्यावर गाडी उंच दिसते आणि असतेही, पण तिच्या पोटाखालचा सर्वांत खालचा भाग होता तिथेच राहतो. सुझुकी जिम्नीसारख्या अखंड एक्सलच्या गाडीत लांब स्प्रिंग घातल्या की चासी आणि बॉडी वर जाते. एक्सल आणि त्याच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोळा मात्र चाकांवर उभा असतो, त्यामुळे स्प्रिंग कितीही लांब केली तरी तो वर येत नाही. तो वर आणायचा तर टायरच मोठा हवा, आणि टायरचा व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्मीच उंची डिफला मिळते. गॅरेजात किटची किंमत सगळे सांगतात, हे गणित सहसा कुणी मांडत नाही. म्हणून इथे मांडतो.

भारतातल्या जिम्नीला कंपनीकडून 195/80 आर 15 टायर येतात. त्यांचा व्यास साधारण 693 मिलिमीटर. माझ्या जिम्नीला दोन इंची लिफ्ट आणि 235/75 आर 15 ऑल-टेरेन टायर बसवले. या टायरचा व्यास सुमारे 734 मिलिमीटर. म्हणजे व्यास वाढला 40 मिलिमीटर आणि डिफ वर गेलं 20 मिलिमीटर. बॉडी यापेक्षा कितीतरी जास्त उचलली गेली होती, त्यामुळे गाडीजवळ उभं राहिलं की आता हिला काहीच अडणार नाही असं वाटायचं.

अडलं ते मुळशीच्या मागच्या अंगाला, पावसाळ्यात ट्रॅक्टरने खोल केलेल्या चाकोरीत. दोन्ही चाकं चरात उतरली आणि मधल्या उंचवट्यावर मागचं डिफ टेकलं. बंपर आणि दाराखालची पट्टी मातीपासून हातभर वर होती, आणि तरी गाडी पुढे सरकत नव्हती. सोबतच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, बॉडी वर गेलीय, डिफ कुठे गेलंय?" फावड्याने उंचवटा तासला आणि गाडी निघाली. मूळ उंचीची गाडीही त्या जागी असंच करून निघाली असती.

याचा अर्थ लिफ्ट निरुपयोगी असा नाही. उंच बॉडीमुळे चढाच्या तोंडाशी पुढचा बंपर लागत नाही, उतारावर मागचा घासत नाही, उंचवटा ओलांडताना पोट टेकायचं टळतं आणि मोठ्या टायरला कमानीत जागा मिळते. तुमच्या वाटेवर नेमकं यातलं काय अडतं हे आधी कळायला हवं. डिफ टेकत असेल तर लिफ्टचा पैसा वाया जाईल. बंपर लागत असेल तर मोठ्या टायरने फारसं साधणार नाही.

हायवेवर जे झालं

खरी काळजीची गोष्ट चिखलात घडली नाही. साताऱ्याकडून पुण्याला येताना एका पुलाच्या सांध्यावरून चाक गेलं आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. वेग सत्तरच्या आसपास होता. थरथर क्षणात वाढली, स्टिअरिंग दोन्ही हातांत गच्च धरूनही चाकं डाव्या-उजव्या बाजूला फडफडत राहिली, डॅशबोर्ड हादरू लागला. शेजारच्या लेनमध्ये भरलेला ट्रक होता. ब्रेकवर जोर न देता ॲक्सिलरेटर सोडला, वेग चाळीसच्या खाली आल्यावर गाडी शांत झाली. अखंड एक्सलच्या गाड्यांत हा दोष जगभर ओळखीचा आहे आणि तो एकदा सुरू झाला की प्रत्येक सांध्यावर, प्रत्येक खड्ड्यावर पुन्हा येतो.

कारण समजून घेण्यासारखं आहे. सायकलचा पुढचा फोर्क थोडा मागे कललेला असतो, म्हणून हात सैल सोडले तरी चाक सरळ राहायला बघतं. मोटारीतही स्टिअरिंगचा आस असाच मागे कललेला असतो. त्या कोनाला कॅस्टर म्हणतात. वळणावरून बाहेर पडताना स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते याच कोनामुळे. जिम्नीचा पुढचा एक्सल दोन लांब आर्मनी चासीला जोडलेला असतो. लिफ्टमुळे चासी वर गेली की हे आर्म जास्त तिरके होतात, त्यांच्याबरोबर एक्सल स्वतःभोवती थोडा फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. स्टिअरिंग हलकं आणि भरकटणारं होतं. त्यात जड टायर आणि जरासं बॅलन्सिंग बिघडलेलं असलं की धक्का मिळाल्यावर थरथर सुरू होते.

यावर उपाय आहे. आर्मच्या टोकाला मध्यापासून सरकवलेल्या भोकाचे खास बुश बसवतात, किंवा कोन दुरुस्त केलेले आर्म घालतात. माझं किट "पूर्ण" म्हणून विकलं गेलं होतं. त्यात चार स्प्रिंग आणि चार शॉकअप एवढंच होतं. तक्रार घेऊन गेल्यावर गॅरेजने आधी बॅलन्सिंग केलं, मग जास्त कडक स्टिअरिंग डँपर सुचवला. डँपर थरथर दाबून ठेवतो, कोन दुरुस्त करत नाही. तो जुना झाला की दोष पुन्हा डोकं वर काढतो, तोही नेमका गाडी भरलेली असताना. मी डँपर नाकारला, दुसऱ्या गॅरेजात कॅस्टरचे बुश बसवून घेतले आणि त्यानंतर गाडी हायवेवर सरळ धावायला लागली.

अलाइनमेंटला गेलात तर छापील कागद मागा. अशा पुढच्या एक्सलवर नेहमीच्या अलाइनमेंटमध्ये फक्त टो जुळवता येतो, पण कागदावर कॅस्टरचा आकडाही असतो. लिफ्टच्या आधीचा कागद आणि नंतरचा कागद शेजारी ठेवला की कुणाला काही विचारावं लागत नाही.

गाडी रॅम्पवर घ्या आणि चाकं लोंबू द्या

दुसऱ्या गॅरेजच्या मिस्त्रींनी केलेली एक तपासणी प्रत्येकाने मागून करून घ्यावी. त्यांनी गाडी चासीला धरून वर घेतली आणि चारही चाकं मोकळी लोंबू दिली. मग बॅटरीच्या उजेडात पुढच्या चाकाच्या आत बोट दाखवलं. ब्रेकचा रबरी पाइप ताठ ओढला गेला होता, बोटाने दाबला तरी हलत नव्हता. सपाट रस्त्यावर तोच पाइप सैल दिसायचा. खडकाळ वाटेवर एक चाक खड्ड्यात पूर्ण लोंबलं असतं तर ताण थेट पाइपच्या जोडावर आला असता. एबीएसच्या वायरचीही तीच अवस्था होती. लांब पाइप आणि वायरची नवी क्लिप हे स्वस्त काम आहे, फक्त ते आठवणीने करावं लागतं.

त्याच वेळी आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. पॅनहार्ड रॉड एक्सलला आडवा धरून ठेवतो. गाडी उंच झाली की तो एक्सलला एका बाजूला ओढतो आणि चाकं एका अंगाला थोडी जास्त बाहेर दिसतात. लांबी जुळवता येणारा रॉड घातला की एक्सल मध्यावर येतो. आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढल्यामुळे विशिष्ट वेगाला जमिनीतून गुरगुर येत असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका.

थारवाल्यांसाठी चिंता वेगळी आहे. 2020 च्या नव्या थारचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे. तिथे जास्त लिफ्ट केली की ताण सीव्ही जॉइंट आणि बॉल जॉइंटवर येतो आणि चाकाला खाली लोंबायला उरलेली जागा कमी होते. जुन्या जिप्सीला पाटे असतात. तिथे लांब शॅकल टाकले तरी एक्सल कलतो आणि कॅस्टर बिघडतो. गाडी कुठलीही असो, उंची वाढली की कोन बदलतात.

टायरची किंमत आणखी कुठे कुठे भरावी लागते

693 वरून 734 म्हणजे व्यासात जवळजवळ 6 टक्के वाढ. स्पीडोमीटर 80 दाखवत असेल तेव्हा गाडी त्याच हिशेबाने 85 च्या जवळ असते. इंजिनला प्रत्येक गिअर 6 टक्के लांब झाल्यासारखा वाटतो. 134 न्यूटन मीटरच्या पेट्रोल इंजिनला ताम्हिणीच्या चढात, चार माणसं आणि सामान असताना, हे लगेच जाणवतं. ब्रेकची ताकद तीच असते पण चाक मोठं आणि जड झालेलं असतं, म्हणून थांबायला जास्त जागा लागते. पावसात भिजलेल्या घाटात आधीपेक्षा जास्त अंतर ठेवून चालवा. चिखलासाठी बनवलेले मड-टेरेन टायर ओल्या डांबरावर आणखी कमी पकड देतात. महिनाभर शहरात आणि दोन दिवस चिखलात गाडी जात असेल तर ऑल-टेरेनच घ्या. टायरवरचा लोड इंडेक्स आणि वेगाचं अक्षर मूळ टायरपेक्षा खालचं नको.

टायर चार नाही, पाच घ्यायचे. जिम्नीच्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या-मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही. जुन्या मापाची स्टेपनी लावून फोर-एचमध्ये गाडी चालवली तर वेगवेगळ्या मापाची चाकं एकमेकांशी भांडत राहतात आणि मार ट्रान्सफर केसला बसतो. मोठी स्टेपनी मागच्या दारावर लटकते, म्हणून दाराच्या बिजागऱ्यांना आधार देणारी पट्टी बसवा आणि अधूनमधून बोल्ट तपासा. हेडलाइटचा झोत पुन्हा खाली जुळवून घ्या, नाहीतर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तो सरळ जातो.

कायदा आणि विमा

ही बाजू गॅरेजात दबक्या आवाजात बोलली जाते, पण तिच्यामुळे घर अडचणीत येऊ शकतं. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. यापेक्षा मोठा धोका अपघाताच्या दिवशी असतो. न कळवलेला बदल दाखवून विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि समोरच्या जखमी माणसाच्या भरपाईचा भार तुमच्यावर येऊ शकतो. काम करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तरही लेखी घ्या. उत्तर नकाराचं असेल तर तिथेच थांबा.

क्रम असा ठेवा

गाडी नवी असेल तर एक पावसाळा मूळ अवस्थेत चालवा आणि कुठे काय टेकलं ते वहीत लिहा. चिखलात किंवा वाळूत टायरची हवा 18 ते 20 पीएसआयपर्यंत उतरवून संथ चालवायला शिका, आणि डांबरावर येण्याआधी पंपाने पुन्हा भरा. या बिनखर्चाच्या सवयीने मूळ टायर किती पुढे नेतात हे पाहिल्यावर अनेकांची लिफ्टची गरज संपते. नंतर मूळ मापाचे चांगले ऑल-टेरेन टायर घ्या. त्यावरही वाट अडत असेल आणि कागदपत्रांची परवानगी असेल, तर जेवढा टायर हवा तेवढ्यापुरतीच लिफ्ट करा. किटच्या कोटेशनमध्ये कॅस्टर दुरुस्ती, पॅनहार्ड रॉड, ब्रेकचे पाइप आणि अलाइनमेंट या चारही ओळी वेगळ्या लिहून मागा. जो गॅरेजवाला या ओळी लिहायला तयार नाही, त्याच्याकडे किट कितीही स्वस्त असलं तरी गाडी सोडू नका. काम झाल्यावर पहिले 500 किलोमीटर शहरातच काढा, मग सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा कसून घ्या आणि त्यानंतरच हायवेला लागा.

सह्याद्रीतल्या वाटा आनंदाच्या आहेत आणि त्या वाटांसाठी गाडी घडवण्याची हौस मला आजही तेवढीच आहे. पण तीच गाडी सोमवारी सकाळी शाळेच्या रस्त्यावरून आणि रात्री एक्सप्रेसवेवरून जाते. तिथे तिच्या शेजारी चालणाऱ्यांनी आपल्या हौसेला होकार दिलेला नसतो. त्यांच्या सुरक्षिततेचा हिशेब प्रत्येक वाढवलेल्या इंचात धरा.