पापणी उलटून बघायला सांगा

माझं वय ७९. पुण्यात वारजे माळवाडीत राहते. गेल्या वर्षी डाव्या डोळ्याची वरची पापणी खाली उतरू लागली. वय झालं, असं म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. पुढे त्याच डोळ्यात चिपडं साचू लागली. सकाळी कोमट पाण्याचा बोळा फिरवल्याशिवाय डोळा उघडेना. हायवेच्या धुळीनं डोळा आला असेल, म्हणून मेडिकलमधून थेंब आणले. थेंब चालू असेपर्यंत बरं वाटे, थांबवले की पुन्हा पिवळा पू. असे सात महिने गेले. पापणीचं मात्र मी कुणाला सांगितलंच नाही. मला ती दोन वेगळी दुखणी वाटत होती.

नजर धूसर झाली तेव्हा सून मला नेत्रतज्ज्ञांकडे घेऊन गेली. त्यांनी पापणी पूर्ण उलटवून आत खोलवर कापसाची काडी फिरवली, तर साकळलेल्या पुवाचा गोळा निघाला. उतारवयात पापणी उचलणाऱ्या स्नायूची पकड सैल होते, पापणी उतरते आणि तिच्यामागची खोबण खोल होते. तिथे पू साठून जंतू घर करतात. थेंब तिथवर पोहोचत नाहीत, म्हणून दुखणं उलटत राहतं. या विरळ आजाराला ‘जायंट फॉर्निक्स सिंड्रोम’ म्हणतात. लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्र रुग्णालयाचे डॉ. जेफ्री रोज यांनी २००४ मध्ये त्याचं वर्णन केलं.

पुवाची तपासणी झाली. पोटातून अँटिबायोटिक, थेंब आणि खोबणीची पुन्हा पुन्हा सफाई, यांनी डोळा निवळला. बुबुळावर पांढुरका डाग मात्र राहिला.

म्हणून सांगते. एकाच डोळ्यातून महिनोन्‌महिने पू येत असेल आणि पापणीही उतरली असेल, तर दोन्ही गोष्टी डॉक्टरांना एकत्र सांगा. आधी कोणते थेंब घातले, तेही सांगा. स्टेरॉइडचे थेंब मनानं घालू नका. पापणी अचानक उतरली, एकाचे दोन दिसू लागले, डोकं फार दुखलं किंवा बोलणं अडखळलं, तर त्याच क्षणी मोठं रुग्णालय गाठा.

घरातल्या आजी-आजोबांची पापणी उतरलेली दिसली, तर ती वयावर सोडू नका. एकदा उलटवून तपासून घ्या.